जामीन झाला, माणूस मात्र आत

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे माझा धाकटा भाऊ होता. "ताई, माझ्या हातून अपघात झालाय. मी प्यायलो होतो. पोलीस स्टेशनला आहे." एवढं बोलून तो थांबला आणि फोन हवालदाराने घेतला. फोन त्याचाच होता, भावाचा मोबाइल जमा झाला होता. हवालदाराने माझं पूर्ण नाव आणि पत्ता विचारला, नातं विचारलं, आणि किती वाजता कळवलं ते वहीत लिहून घेतलं. अटकेची खबर जवळच्या माणसाला द्यावीच लागते आणि ती कोणाला दिली याची नोंदही ठेवावी लागते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, माझ्यावरही काही लिहितायत.

शनिवारची रात्र होती. मित्राकडून परत येताना त्याच्या गाडीने एका स्कूटरला मागून धडक दिली. स्कूटरवरच्या गृहस्थांच्या मांडीचं हाड मोडलं. भाऊ पळून गेला नाही, त्यांच्याजवळ बसून राहिला, अँब्युलन्स त्यानेच बोलावली. हे मी त्याची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. दारू पिऊन गाडी चालवायचा निर्णय त्याचा होता आणि त्याची किंमत एका परक्या माणसाने मोजली. पण पुढचे तीन दिवस मी जे पाहिलं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण त्या रात्री मला यातलं कोणी सांगितलं असतं तर भावाची तुरुंगातली निदान एक रात्र वाचली असती.

ठाण्यात पोचले तेव्हा त्याला सरकारी रुग्णालयात नेलेलं होतं. फुंकून घ्यायच्या यंत्राच्या पट्टीवर ११८ हा आकडा आला होता. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमाखाली पकडलेल्या माणसाची अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडावं लागतं, म्हणून ती घाई. रक्ताचा नमुना घेताना नर्सने हात स्पिरिटने पुसला नाही, असं भावाने नंतर सांगितलं. नमुन्यात बाहेरचं अल्कोहोल मिसळू नये म्हणून. दोन बाटल्या, लाखेचं सील, त्यावर त्याची सही.

अडीच वाजता तो परत आला. शर्टावर रक्त होतं, त्याचं नव्हतं. मला पाहिल्यावर तो रडायला लागला आणि मी त्याला काहीच बोलू शकले नाही.

ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यांनी कलमं वाचून दाखवली: भारतीय न्याय संहितेचं २८१, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर हयगयीने गाडी चालवणं, १२५ मधला गंभीर दुखापतीचा भाग, आणि मोटार वाहन कायद्याचं १८५. ही तिन्ही जामीनपात्र. म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क, आणि तो पोलीस ठाण्यातच देता येतो, त्यासाठी न्यायालयात जायचीही गरज नसते. मी विचारलं, "मग घरी नेऊ का?" ते म्हणाले, "जामीनदार आणा. ऐपतीचे कागद आणा." माझ्या पर्समध्ये आधार कार्ड होतं. ऐपतीचे कागद म्हणजे नेमके कुठले, हे मी विचारलंसुद्धा नाही. ते पुढे म्हणाले, "आणि ताई, त्या माणसाची शुद्ध अजून नीट आलेली नाही. काही बरंवाईट झालं तर कलम वाढणार." या वाक्यानंतर मला जामिनाचं सुचेनासंच झालं. मी बाकावर बसून त्या अनोळखी गृहस्थांसाठी प्रार्थना करत राहिले.

कलम वाढणं म्हणजे काय ते मला सकाळी वकीलबाईंनी समजावलं. माणूस दगावला तर निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तेही जामीनपात्र आहे. सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं तर मात्र जामीन हक्काचा राहत नाही, तो न्यायाधीशांच्या विवेकावर जातो. २००६ साली बांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले होते. त्या प्रकरणात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी झालेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. "त्यामुळे जखमीच्या तब्येतीवर तुमच्या भावाचं सगळं अवलंबून आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यांचं त्याहून जास्त अवलंबून आहे." या बाईंना मी तिथेच मानलं.

अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदातच ते आहे. म्हणून रविवार असला तरी रिमांडसाठी एक न्यायालय बसतं. दुपारी बारा वाजता ते बसलं. दहा-बारा आरोपी होते, एकेकाला दोन-तीन मिनिटं. न्यायाधीशांनी भावाला विचारलं, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे? मारहाण वगैरे?" तो नाही म्हणाला. गुन्हा जामीनपात्र, म्हणून पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेलं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा आदेश झाला.

मी सुटकेचा श्वास घेतला आणि वकीलबाईंना विचारलं, "झालं ना?"

"जामीन झाला. जामीनदार कुठाय?"

मी उभी होते की समोर. पण त्यांना मी नको होते, माझे कागद हवे होते. जामीनदार हा नोकरदार असेल तर ओळखपत्र, अलीकडची पगारपत्रकं, कार्यालयाचं पत्र. शेतकरी असेल तर सातबारा आणि आठ अ. घर असेल तर घरपट्टीची पावती. नाहीतर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. सोबत आधार, रेशन कार्ड, फोटो. सगळ्याच्या मूळ प्रती दाखवायला आणि झेरॉक्स जोडायला. माझी पगारपत्रकं कार्यालयात, कार्यालय बंद. घर नवऱ्याच्या नावावर आणि तो परगावी. रोख रक्कम भरून तात्पुरता जामीन घेता येतो, त्याला सगळे कॅश बेल म्हणतात. आम्ही तोही अर्ज केला. पण रोख जमा करून पावती देणारा नाझर विभाग रविवारी बंद होता. वकीलबाईंनी निव्वळ जातमुचलक्यावर सोडण्याची विनंती केली, ती जखमीची अवस्था पाहून मान्य झाली नाही. "जामीनदार देईपर्यंत न्यायालयीन कोठडी."

न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंग. जामीन ज्याचा हक्क आहे, ज्याला तो मंजूर झालाय, असा माझा भाऊ फक्त कागदांसाठी तुरुंगाच्या गाडीत चढला. त्याने गुन्हा केला होता, त्याची शिक्षा न्यायालय ठरवेल. ही रात्र त्या शिक्षेतली नव्हती. ती माझ्या अज्ञानाची आणि बंद खिडकीची होती, आणि याबद्दल मला आजही चुटपूट लागते.

वकीलबाईंनी एक गोष्ट शहाणपणाची केली. त्याला गाडीत बसवण्याआधी वकालतनाम्यावर आणि जातमुचलक्यावर त्याच्या सह्या घेऊन ठेवल्या. नाहीतर सोमवारी त्या सह्यांसाठी कोणाला तरी तुरुंगात जावं लागलं असतं.

बाहेर पडताना एक माणूस जवळ आला. "मॅडम, जामीनदार पाहिजे का? कागद तयार आहेत." वकीलबाईंनी मला दंडाला धरून पुढे नेलं. असे भाड्याचे जामीनदार न्यायालयांच्या आवारात फिरत असतात. एकच सातबारा दहा ठिकाणी वापरलेला असतो, कधी तो खोटाच असतो. पकडलं गेलं तर जामीन रद्द होतोच, शिवाय फसवणुकीचा नवा गुन्हा दाखल होतो. घाबरलेल्या माणसाला ते पटकन गाठतात. मी तासाभरापूर्वी एकटी असते तर कदाचित हो म्हटलं असतं.

सोमवारी सकाळी पावणेदहाला कार्यालयाच्या दारात उभी होते. साहेबांना खरं सांगितलं. खोटं कारण सांगायचं मनात आलं होतं, पण पत्र कशासाठी हवं ते पत्रातच लिहावं लागतं. त्यांनी एक शब्द न बोलता लिपिकाला पत्र टाइप करायला लावलं. अकरा वाजता मी न्यायालयात होते.

जामीनदार म्हणून उभं राहणं म्हणजे कुठेतरी सही ठोकणं, असं मला वाटायचं. तसं नाही. आधी प्रतिज्ञापत्र: माझं नाव, उत्पन्न, आणि याआधी मी आणखी किती आरोपींना जामीन राहिले आहे याची घोषणा. ही घोषणा कायद्यानेच मागितली आहे, भाड्याच्या जामीनदारांना आळा बसावा म्हणून. मग लिपिकाने प्रत्येक झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून पाहिली. एका पगारपत्रकावर शिक्का पुसट होता, त्यावर दहा मिनिटं गेली. मग पुकारा झाला आणि मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. न्यायाधीश बाई होत्या.

"आरोपी तुमचा कोण?"

"धाकटा भाऊ."

"जामीनदार म्हणजे काय, माहीत आहे?"

मी म्हटलं, तो तारखेला येईल याची हमी.

"आला नाही तर पंधरा हजार तुमच्याकडून वसूल होतील. आणि प्रकरण संपेपर्यंत ही जबाबदारी तुमची आहे, एक-दोन महिन्यांची नाही. पत्ता बदलला तर न्यायालयाला कळवायचं. कळलं?"

"हो."

"विचार करून सांगा."

मी खरंच विचार केला. त्या दोन क्षणांत तो लहानपणापासून किती वेळा शब्द देऊन विसरला होता, ते सगळं आठवलं. मग म्हटलं, "हो, मी राहते जामीन." त्यांनी सही केली. पैसे कोणी घेतले नाहीत. ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: जामीनदाराला रक्कम भरावी लागत नाही, तो ती देणं लागेल असं बंधपत्र लिहून देतो. कोणी "जामिनाचे पंधरा हजार आणा" म्हणून रोख मागत असेल तर ते नाझरकडे भरायचे आहेत का आणि पावती मिळणार का, हे विचारावं.

पावणेदोन वाजले होते. मी समजत होते, तासाभरात तो बाहेर. पण जामीन स्वीकारल्यावर न्यायालयाकडून तुरुंगाच्या नावाने सुटकेचा आदेश निघतो. सगळे त्याला रिलीज मेमो म्हणतात. तो जेवणाच्या सुट्टीनंतर टाइप झाला, सही-शिक्का होऊन साडेतीनला निघाला. आम्ही रिक्षाने मागोमाग तुरुंगाच्या दारात. सव्वाचारला आतून निरोप आला: मेमोत एक कलम कमी आहे. गुन्हा तीन कलमांचा, मेमोवर दोनच. गंभीर दुखापतीचं कलम टाइप करायचं राहून गेलं होतं.

मी दारावरच्या शिपायाशी भांडले. आज वाटतं, त्याची चूक नव्हती. तुरुंगाच्या दृष्टीने तो माणूस तिसऱ्या कलमात अजून कैदेत होता. नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक, ठाणं, कलमं, सगळं त्यांच्या वॉरंटशी तंतोतंत जुळल्याशिवाय ते सोडत नाहीत, आणि सोडूही नये. चूक माझीच होती असंही मी म्हणणार नाही, पण तो मेमो न्यायालयातून निघण्याआधी वाचायला मिळाला असता, मी मागितलाच नाही. वकीलबाई तेव्हा दुसऱ्या प्रकरणात उभ्या होत्या. ज्याचा माणूस आत आहे त्याने तो कागद अक्षर न् अक्षर वाचावा.

पुन्हा न्यायालय. पाच वाजून पाच मिनिटं. बाई अजून आसनावर होत्या, हे नशीब. दुरुस्ती झाली, पुन्हा सही, पुन्हा शिक्का. तुरुंगाच्या दारात पोचलो तेव्हा सहा वाजले होते आणि आत बंदी झाली होती. बंदी म्हणजे संध्याकाळची गिनती करून बराकी कुलूपबंद होणं. त्यानंतर आलेल्या आदेशावर दुसऱ्या दिवशी सकाळीच सोडतात. भावजय तिथेच फुटपाथवर बसली. तिला उठवून घरी नेताना मला कळेना की कोणावर रागवावं.

मंगळवारी सकाळी साडेआठला लहान दरवाजा उघडला. आत जाताना घेतलेला पट्टा, पाकीट, घड्याळ रजिस्टरवर सही करून परत मिळालं होतं. पट्टा त्याने हातातच धरला होता.

आतलं तो बरेच दिवस बोलला नाही. मग तुकड्यातुकड्याने आलं. प्रवेशाच्या वेळी झडती, अंगावरच्या खुणांची नोंद, डॉक्टरांची तपासणी. दोन घोंगड्या, एक ताट, एक मग. त्रासाचं त्याने फारसं काही सांगितलं नाही. त्याच्या मनात एक मुलगा राहून गेला होता, शेजारच्या घोंगडीवरचा. मोबाइल चोरीचा गुन्हा. जामीन मंजूर होऊन तीन आठवडे झाले होते आणि तो आतच होता, कारण कागद असलेला एकही माणूस त्याच्या ओळखीत नव्हता. "ताई, त्याला तर वाटत होतं की जामीन म्हणजे पैसे भरायचे आणि ते जमले की सुटका," भाऊ म्हणाला. "त्याचं कोणी येतच नव्हतं."

हे मी वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांबद्दल सांगितलं. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्यापर्यंत पोचवायचा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. आणि जामीनदार स्थानिकच हवा असा हट्ट धरायचा नाही. ही शेवटची गोष्ट तशी नवी नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याचा सख्खा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला होता. न्यायालयाने ते चूक ठरवलं. भावासाठी उभा राहिलेला भाऊ! मी ते ऐकलं तेव्हा पिंजऱ्यातल्या त्या दोन क्षणांची आठवण येऊन माझा गळा भरून आला.

जामीनपात्र गुन्ह्यात तर कायदा आणखी स्पष्ट आहे. आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस निर्धन आहे असं मानून त्याला नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचं असतं. आणि ज्याला वकील परवडत नाही त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. त्या मुलाचं नाव वकीलबाईंनी प्राधिकरणाच्या कार्यालयात दिलं. पुढे तो जातमुचलक्यावर सुटल्याचं त्यांच्याकडूनच कळलं.

गाडी वेगळीच अडकली होती. आरटीओची तपासणी झाल्यावर न्यायालयात अर्ज करून ती सुपूर्तनाम्यावर मिळाली, म्हणजे ती विकायची नाही, रंगरूप बदलायचं नाही, मागितली तर हजर करायची. त्याने ती चालवली नाही. लायसन्स पोलिसांनी निलंबनासाठी पाठवून दिलं होतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनीने फेटाळला, दारू पिऊन चालवल्यावर तो मिळत नाहीच. १८५ चा दंड जागेवर पावती फाडून मिटवता येत नाही, त्यासाठी न्यायालयातच जावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

जखमी गृहस्थांच्या पायात सळी टाकावी लागली. शुद्ध त्यांना रविवारीच आली होती, पण आम्हाला ते मंगळवारी कळलं. मला त्यांना भेटून माफी मागायची फार इच्छा होती. वकीलबाईंनी हात जोडून नको म्हटलं. ते साक्षीदार आहेत, आरोपीच्या घरचं माणूस त्यांच्या दारात गेलं की तो दबाव ठरतो, जामीन रद्द होऊ शकतो. त्यांची नुकसानभरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून विम्याच्या पैशांनी येईल. ते बरोबरच आहे, पण माफी कुठल्याच अर्जात मावत नाही. ती अजून माझ्याजवळच आहे, भावाजवळही.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर समन्स आलं. मी तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली, आदल्या रात्री त्याला फोन केला, सकाळी पुन्हा केला. तो म्हणाला, "ताई, मी निघालोय." मी रजा टाकून गेलेच. जामीनदाराने प्रत्येक तारखेला यायची गरज नसते, हे मला माहीत होतं. पुकारा झाला, तो उभा राहिला, हात जोडले, रोजनाम्यावर त्याची हजेरी लागली. मी मागच्या बाकावर होते. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली.